फाट्यावरच्या पंधरा जणी

"शेठ, पानी घालताय तुमी."

आप्पा मिस्त्रीनं हे भर दुकानात, दिवसाढवळ्या सांगितलं. सात-आठ गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचे ग्लास ओठापाशी थबकले आणि जो तो आपापल्या ग्लासात डोकावून बघायला लागला.

"कशात?" मी विचारलं.

"मालात. धा दिस झालं बगतोय. पैला घोट कसा नरड्यातनं दिवा लावत खाली जायाचा. आता निस्ता वल्ला हुतोय."

"आरं, कंपनीचं सीलबंद आसतंय त्ये. मी कुठनं घालनार पानी?"

"त्ये मला ठावं न्हाई. पर मी गवंडी हाय. मालात पानी किती पडलंय, त्ये मला फावड्याच्या आवाजावरनं कळतंय. जिभंवरनं कळाय किती येळ लागतोय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. दारू विकणाऱ्याला गाव काय काय म्हणतं ते मला माहीत होतं, आणि त्यातलं बरंचसं मी पचवलंही होतं. पण भेसळीचा आरोप मात्र माझ्या जिव्हारी लागला.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा करंजसोंड गावात माझं सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. माझं नाव रंगनाथ शेडगे, पण तोंडावर सगळे रंगाशेठ म्हणायचे. आप्पा हा तालुक्यात नाव घ्यावं असा गवंडी. माझ्या दुकानासमोरचा कट्टा त्यानंच बांधला, आणि बांधून झाल्यावर जो त्याच्यावर बसला तो पुढची दहा वर्षं उठलाच नाही. आता तर सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातात थापी ठरत नसे. हात असे हलायचे की ओळंबा धरला तर भिंतच डुलते आहे असं वाटायचं. म्हणून सकाळची बाटली न्यायला त्याचा पोरगा यायचा. सुदर्शन. नववीत होता.

आता तुम्ही म्हणाल, पोराला दारू विकत होतास? मुळीच नाही. दुकानात ठळक पाटी होती, 'पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य मिळणार नाही.' कायदाच तसा आहे. आमच्या गावात पंचविसाव्या वर्षापर्यंत माणसाला दोन पोरं झालेली असतात आणि त्यानं तीनदा दारू सोडलेली असते, पण कायद्याला त्याचं काय. मी विकायचो ते बापाला. पोरगा फक्त घेऊन जायचा. हा फरक त्या काळी मला फार मोठा वाटायचा, आणि कुणी विचारलं तर मी तो हातवारे करून समजावूनही सांगायचो.

"शेठ, आप्पांनी झाकान फोडून आनाय सांगितलंय," सुदर्शन म्हणायचा. "त्यांचं हात हालत्यात."

मग मी कट्कन झाकण फोडून, परत हलकं बसवून द्यायचो. माणुसकी म्हणून. हे बघून आणखी तीन-चार घरची पोरंही तसंच मागायला लागली. त्यांनाही फोडून द्यायचो. सेवा द्यायची तर सगळ्यांना सारखी.

तर पाण्याचा छडा लावायचा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान मालनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, भावाला सांभाळायला दिलं आणि सुदर्शनच्या मागे निघालो. पोरगा घराकडे गेलाच नाही. शाळेमागे पाण्याची टाकी आहे, तिच्या आडोशाला गेला. तिथं आणखी तिघं बसले होते, शाळेच्या गणवेशात, दप्तरं पाठीला. प्रत्येकाजवळ आपापल्या बापाची बाटली. मी चिंचेच्या आड उभा राहिलो.

पोरं खेळत होती. आपण लहानपणी भातुकली खेळायचो तशी ती दुकान-दुकान खेळत होती. सुदर्शननं दप्तर पोटावर घेऊन त्यावर शर्ट ओढला होता, आणि हात कपाळाला लावून नसलेला चष्मा वर ढकलला. तो मी होतो.

"काय रं, वय काय तुजं?" त्यानं विचारलं. आवाजसुद्धा माझाच.

"माजं का बापाचं?"

"बापाचं सांग. तुजं इचारून मला काय करायचंय?"

"चाळीस."

"मग बसतंय कायद्यात. आन हिकडं, झाकान मी फोडतो. गिऱ्हाईक देव आसतंय."

चौघं पोट धरून हसले. मग एकेकानं आपापल्या बाटलीतले दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, आणि टाकीच्या नळाखाली बाटली धरून उणीव भरून काढली. त्यातला एक तर सातवीतला होता. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. सुदर्शननं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "पैल्यांदा पैल्यांदा आसंच हुतंय." हे वाक्य माझ्या दुकानात रोज बोललं जायचं.

मी पुढं व्हायला हवं होतं. चार कानफटात मारायला हव्या होत्या, किंवा चौघांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. मी आल्या वाटेनं परत गेलो. खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मग मी एक कडक धोरण स्वीकारलं. त्या दिवसापासून पोरांना झाकण फोडून द्यायचं बंद. याला मी सुधारणा समजत होतो. पोरं दातांनी फोडायला लागली.

जानेवारीची पंचवीस तारीख आली. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणजे दुकान बंद. बंदच्या आदल्या दिवशी आमच्याकडे दिवाळीसारखी गर्दी व्हायची, कारण प्रत्येकाला उद्याची तजवीज करायची असे. सुदर्शन पिशवी घेऊन आला.

"दोन द्या शेठ. उद्या बंद हाय न्हवं."

मी दोन दिल्या.

"झाकान?"

"न्हाई फोडनार," मी दरडावून सांगितलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सव्वीसला सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शाळेत गेलो. पोरांच्या जिलेबीला हातभार लावणाऱ्यांत माझं नाव असायचं, त्यामुळे दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळायची. थंडी होती. झेंडा वर गेला, सलामी झाली, आणि नववीच्या रांगेत सुदर्शन उभ्याचा आडवा झाला. सगळ्यांना वाटलं, पोरगं उपाशीपोटी आलं असणार. आमच्या अंगणवाडीच्या कलावतीताई धावल्या. त्यांनी खाली बसून त्याच्या तोंडापाशी नाक नेलं, मग मान वर केली आणि सरळ दुसऱ्या रांगेत माझ्याकडे बघितलं. झेंड्याला सलामी देताना ताठ उभा असलेला मी तिथंच खुर्चीत बसलो.

पोरगं शुद्धीवर येईना. तालुक्याला नेलं, दोन दिवस सलाईन चालू होतं. डॉक्टर म्हणाले की अजून एक तास गेला असता तर पोरगा हाताशी लागला नसता. आप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. तो त्या दोन दिवसांत प्यायला नाही, असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, प्यायला होता. रडत रडत प्यायला होता.

तिसऱ्या दिवशी चौकशीला हवालदार आले. अल्पवयीनाला दारू विकली असं शाबीत झालं तर परवाना जातो, वर खटला. आप्पाच्या घरी सुदर्शन गोधडीत बसलेला, तोंड उतरलेलं, आणि दारात मी.

"कुठनं आनलीस?" हवालदारांनी विचारलं.

पोरानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दुकानातनं न्हाई. घरात हुती. मी चोरून पेलो."

"मीच आनल्याली," आप्पा खाली मान घालून म्हणाला.

हवालदारांनी दोघांची तोंडं बघितली, माझं बघितलं, कपाळाला आठी घातली आणि जबाब लिहून घेतला. कायद्यानं आपलं काम केलं होतं. त्याच्यापुढं जे आलं ते खोटं होतं, त्याला तो काय करणार?

घरी आल्यावर मालननं विचारलं, "तुमच्या दुकानातली न्हवती ना?"

"न्हाई."

"माज्याकडं बगून सांगा."

"न्हाई म्हनलं ना. पोरानंच सांगितलंय हवालदाराला."

तिनं ताट वाढलं. मी जेवलो. भूक चांगली लागली होती.

पण कलावतीताई काही हवालदार नव्हत्या. त्यांनी चार दिवस तालुक्याला खेटे घातले आणि कायद्यातच दुसरी वाट शोधून आणली. गावातल्या बायकांनी मागणी केली तर दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर बायकांचं मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. दुकान हवं तर उभ्या बाटलीवर शिक्का, नको तर आडव्या बाटलीवर. मात्र मेख अशी की, मतदार यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या.

ताई मला सांगायला स्वतः आल्या. "भावजी, मार्चच्या सत्तावीसला मतदान हाय. तुमचं दुकान बंद करनार आमी."

"करा की. जाताना च्या घिऊन जावा."

मी निर्धास्त होतो, कारण मी यादी वाचली होती. यादीत अकराशे शहाऐंशी बायका. म्हणजे पाचशे चौऱ्याण्णव शिक्के हवेत. आणि यादी किती जुनी! त्यात कितीतरी जणी देवाघरी गेलेल्या. कितीतरी नवऱ्यामागे मुंबई-पुण्याला. आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरी तर गल्लोगल्ली. जी येणार नाही तिचं मत आपोआप माझ्या पदरात. गावातल्या मेलेल्या बायका सगळ्याच्या सगळ्या माझ्या बाजूनं होत्या, आणि त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. हे मी चारचौघांत बोललोही. तिथंच चूक झाली. बोललेलं कलावतीताईंच्या कानावर गेलं, आणि त्यांनीही यादी काढून वाचली.

मग त्यांनी काय करावं? मेलेल्यांना आणणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी सासरी गेलेल्या पोरींना माहेरी बोलावलं. घरोघरच्या आयांना सांगितलं, लेकीला फोन करा. म्हणावं, ओटी भरायची आहे, एक दिवस ये, येताना मतदानाचं कार्ड आण. आईनं ओटी भरायला बोलावलं तर कुठली सासू नाही म्हणणार? आणि हे माझ्याच घरात माझ्या पाठीमागं शिजत होतं, याचा मला वाससुद्धा आला नाही. आमची सारिका दोन वर्षांपूर्वी दिलेली, सातवा महिना लागलेला. मालननं तिलाही फोन केला होता.

सत्तावीसला हुकमानं दुकान बंद. मी कट्ट्यावर बसून होतो. कट्ट्यासमोरूनच शाळेकडे जायचा रस्ता. सकाळी आठपासून पोरी यायला लागल्या. जीपमधनं, मोटारसायकलवर दिराच्या मागं बसून, कडेवर पोर घेऊन. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेल्या पोरी. समोर वडीलधारं माणूस बसलंय म्हटल्यावर त्या कशा पुढं जातील? एकेक येऊन माझ्या पाया पडायची.

"काका, बरं हाय का?"

"बरं हाय बाई. सुखी ऱ्हा."

मग पदर सावरून शाळेत जायची आणि माझ्या दुकानावर शिक्का मारायची. दुपारपर्यंत मी दोनेकशे आशीर्वाद दिले. एखाद्याला मूठमाती देणाऱ्यांनी आधी त्याच्या पाया पडावं, असा तो प्रकार होता. तरी मी मनात आकडा धरून होतो. तीन वाजले तेव्हा ताईंचा चेहरा बघून मला कळलं की गाडी थोडक्यात अडली आहे. पाचला मतदान संपणार होतं.

चार वाजता सुदर्शन पळत आला. धापा टाकत म्हणाला, "शेठ, मालनकाकूनी सांगितलंय, सारिकाताई फाट्यावर हुबी हाय. वडापच्या जीपचा एक्सेल तुटलाय."

फाटा गावापासून नऊ किलोमीटर. गावातल्या दोन्ही जीप खालच्या अंगाला दुसऱ्या पोरी आणायला गेलेल्या. राहिला माझा टेम्पो, ज्यातनं दुकानाचा माल यायचा. मार्चचं ऊन, सातवा महिना, रस्त्यावर उभी लेक. मी किल्ली उचलली आणि निघालो.

फाट्यावर लिंबाच्या सावलीत सारिका दिसली. आणि तिच्याभोवती आणखी चौदा जणी. सगळ्या आमच्याच गावच्या लेकी, वेगवेगळ्या गावांहून येऊन एकाच जीपमध्ये कोंबलेल्या आणि आता एकाच सावलीत.

"आण्णा आलं!" सारिका ओरडली.

"काका आलं!" बाकीच्या ओरडल्या.

"सारिका, पुडं बस," मी म्हणालो.

ती जागची हलली नाही. "आन ह्या?"

"ह्यांची काय तरी सोय हुईल."

"आण्णा, माहेरवाशिनी हायत्या. रस्त्यात सोडून जाताय?"

माहेरवाशिणीला उन्हात टाकून गेलेला बाप म्हणून गावानं मला दहा जन्म नावं ठेवली असती. मी मागचा फाळका खाली पाडला. आत दुकानाचे रिकामे क्रेट होते, ते उलटे करून त्या चौदा जणी त्यावर बसल्या.

"सारिके," एक जण मागून ओरडली, "तुज्या बापाच्या मालावर बसलोय गं आमी!"

"रिकामा हाय," मी म्हणालो.

"आता परत भराय देतोय व्हय!"

हसण्यानं टेम्पो हलला. गावाकडे निघालो. सारिकानं पदरानं कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाली, "आण्णा, आमी कशाला आलोय ठावं हाय न्हवं?"

"ओटी भराय."

"व्हय. ती बी." ती समोर बघत होती. "गाडी सावकाश चालवलीसा तर पाच वाजून जातील."

"सावकाशच चालवतोय. तुजी अवस्था बगून."

तिनं वेगाच्या काट्याकडे बघितलं. खड्डा आला की मी गाडी हळू करत होतो, तिच्यासाठी. खड्डा संपला की काय करत होतो, ते काट्याला दिसत होतं. पाचला पंचवीस मिनिटं कमी असताना आम्ही शाळेच्या दारात होतो.

संध्याकाळी मोजणी झाली. उभ्या बाटलीला एकोणीस. बाद आठ, त्यातल्या एकीनं दोन्ही बाटल्यांवर शिक्का मारला होता, कुणालाच वाईट वाटायला नको म्हणून. आणि आडव्या बाटलीला सहाशे एक. त्यातल्या पंधरा वजा केल्या तर पाचशे शहाऐंशी. आठ शिक्क्यांनी माझं दुकान वाचलं असतं. हा हिशोब पारावर बसलेल्या माणसांनी माझ्या आधी केला, आणि जे हसू फुटलं ते चौदा वर्षं झाली तरी थांबलेलं नाही.

"तू कुठं मारलास?" मी मालनला विचारलं.

"गुप्त मतदान आसतंय," ती म्हणाली आणि लेकीची ओटी भरायला आत गेली.

दुकान गेलं. वर्षभर मी कपाळाला हात लावून बसलो, मग त्याच जागेत पिठाची गिरणी टाकली. गाव काही एका रात्रीत देवमाणसांचं झालं नाही. पिणारे प्यायला तालुक्याला जायला लागले. पण तालुका अठरा किलोमीटर, आणि अठरा किलोमीटरवर कुणी पोराला पाठवत नाही. टाकीमागचा खेळ बंद पडला. आप्पाला ताईंनी उपचाराला नेऊन टाकलं. दोनदा पळून आला, तिसऱ्यांदा टिकला. गिरणीचं जोतं त्यानंच बांधलं. एका कोपऱ्यात ते बोटभर बाहेर आलंय. मी तसंच ठेवलंय.

आणि गावाची ती थट्टा. 'रंगाशेठनं स्वतःच्या दुकानाची तिरडी स्वतःच्या टेम्पोतनं आणली.' 'गेला एका पोरीला आणायला, आन चौदा गळ्यात पडल्या.' नवा जावई गावात आला की त्याला ही गोष्ट सांगतात आणि मला दाखवतात. मीही हसतो. शेठ फसला, असं सगळे म्हणतात, आणि मी म्हणू देतो.

गेल्या आठवड्यात गिरणीत गर्दी होती. सुदर्शन दळण घेऊन आला होता. आता अठ्ठावीसचा आहे, बापापेक्षा चांगला गवंडी आहे, घरं बांधायची कामं घेतो. कट्ट्यावर आप्पा बसला होता, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. कुणीतरी जुनी गोष्ट काढली.

"सुदा, निरोप घिऊन तूच गेल्तास न्हवं? काय सांगितलंस शेठला?"

"सारिकाताई फाट्यावर हुबी हाय," सुदर्शन म्हणाला. "येवडंच." आणि पिशवीत पीठ भरता भरता त्यानं हळूच माझ्याकडे बघितलं. सगळे हसले.

हे त्यानं मघाशी मी तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. आम्ही दोघंही ते चौदा वर्षं असंच सांगत आलोय. पण निरोप एवढाच नव्हता.

त्या दिवशी तो धापा टाकत म्हणाला होता, "सारिकाताई आन गावच्या चौदा जनी. काकूनी मोजून सांगाय सांगितलंय, पंधरा हायत्या. त्या आल्या तर दुकान जातंय. काकू म्हनल्या, ह्ये सगळं सांग, लपवू नको." मी बंद दुकानाच्या कुलपाकडे बघत बसलो. पोरगं जवळ आलं. मग कट्ट्याशी वाकून, आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणालं, "शेठ, नका जाऊ वाटलं तर. मी सांगतो काकूला, तुमी गावलाच न्हाई म्हनून."

त्याच्या ओठावर अजून मिसरूडही नव्हतं. हवालदारासमोर ते माझ्यासाठी एकदा खोटं बोललं होतं, आणि त्यावर मी पोटभर जेवलो होतो. आता ते दुसऱ्यांदा बोलायला तयार होतं, मी न मागता, माझी कीव येऊन. पहिल्यांदा ठसका लागतो, मग सवय होते. ते झाकणही मीच फोडून दिलं होतं. मी किल्ली उचलली ती तेव्हा.

पिशवीचं तोंड बांधून सुदर्शन उठला.

"सुदर्शन," मी म्हणालो, "थांब. माज्यासाठी लई वर्सं खोटं बोललास. आता खरा निरोप सांग ह्यास्नी."

त्यानं पिशवी खाली ठेवली. एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघितलं. "पंधरा," तो म्हणाला. "काकूनी मोजून सांगितल्या हुत्या. मी शेठना पंधराच सांगितल्या."

कट्ट्यावर कुणी हसेना. आप्पानं कप खाली ठेवला. बराच वेळ तो माझ्याकडे बघत होता, ओळंब्यात भिंत बघावी तसा.

"मंजी शेठ, ठावं आसून गेलासा." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "आन मग माज्या मालात पानी कोन घालत हुतं?"

सुदर्शननं पिशवीची बांधलेली गाठ परत सोडायला घेतली.

"त्ये बी सांग," मी म्हणालो, आणि सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून गिरणी बंद केली.